थर्लोसाहेबांचं सोवळं एन्झाइम

नॉर्मन थर्लो नाकावर माशी बसू देत नसे. तसंही तो जिथे दिवस काढायचा तिथे माशीला जगणं शक्यच नव्हतं. आमच्या मजल्याच्या टोकाला थंड खोली होती. दरवाजा जाडजूड, आत बारमाही जानेवारी. तिथे थर्लो डफल कोट घालून, बायकोनं विणलेली गोंड्याची टोपी कानांवर ओढून, एका उंच काचेच्या नळकांड्यासमोर स्टुलावर बसलेला असायचा. नळकांड्यातून थेंब थेंब एन्झाइम ठिबकायचं आणि तो ते नळ्यांमध्ये गोळा करायचा. बाहेर केंब्रिज उन्हात लोळत असलं, नदीवर पोरंपोरी होड्या एकमेकींवर आदळत असली, तरी हा बाबा चहाच्या वेळेला यायचा तो नाकाचा शेंडा लाल करून आणि टोपीसकट. चहाच्या टेबलावर टोपी काढ म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण त्याच्या नळ्यांवर अख्ख्या मजल्याचं पोट होतं.

पेशी दुभंगायच्या आधी तिच्यातल्या डीएनएची नक्कल व्हावी लागते. एक एन्झाइम दुहेरी धागा उलगडतं. दुसरं सुरुवातीचा लहानसा तुकडा घालून देतं. पॉलिमरेज त्या तुकड्याला धरून, समोरच्या धाग्याबरहुकूम नवा धागा विणत नेतं. आणि राहिलेल्या फटी शेवटी लायगेज नावाचं एन्झाइम सांधून टाकतं. चौघंही मुकाट्यानं काम करतात आणि कामाखाली माझं नाव छापा असं कुणी म्हणत नाही. आमच्या मजल्यावर मात्र त्या चौघांवर मिळून चाळीसेक माणसं नाव छापायला टपलेली होती, आणि त्या सगळ्यांना रोज पॉलिमरेज लागायचं. कंपनीचं विकत घ्यायचं तर संस्थेचं कंबरडं मोडलं असतं. थर्लो ते घरच्या लोणच्यासारखं खोलीत बनवायचा.

बनवायची रीत साधी होती, चिकाटी मात्र अघोरी लागायची. बॅक्टेरियांना विषाणूची लागण करायची, ते मरायला टेकले की त्यांचा लगदा करायचा, आणि त्या लगद्यातून पॉलिमरेज तेवढं वेगळं काढायचं. लगद्यात काय वाट्टेल ते असतं. विषाणू आपल्या सोयीसाठी पॉलिमरेजसोबत लायगेजही बनवून ठेवतो. या बाकीच्या मंडळींना गाळून बाहेर काढण्यातच थर्लोचं कसब होतं, निदान तो तसं म्हणायचा. तो डॉक्टर नव्हता, प्रोफेसर नव्हता, हुद्द्यानं तंत्रज्ञ होता, पण मिजास अशी की प्रोफेसरांनी उभं राहून बोलावं.

एन्झाइम वाटण्याचीही त्याची तऱ्हा होती. चहाला बसल्यावर त्याच्या बागेतल्या भोपळ्याची चौकशी करणाऱ्याला काठोकाठ भरलेली नळी मिळायची. चौकशी विसरणाऱ्याला सांगायचा, "बॅक्टेरिया रुसलेत. पुढच्या आठवड्यात बघू." आमच्यातले भलेभले संशोधक, ज्यांना कांदा आणि ट्यूलिप यांतला फरक सांगता आला नसता, ते भोपळ्याच्या खतावर तावातावानं बोलायला शिकले.

या सगळ्याच्या बदल्यात त्याला काय मिळायचं? शोधनिबंध छापून आला की शेवटी, बारीक अक्षरांत, "पॉलिमरेज भेट दिल्याबद्दल एन. थर्लो यांचे आभार." एवढंच. त्या ओळीवर तो दातओठ खायचा.

"म्हणे भेट!" तो आल्याचं बिस्किट चहात बुडवत म्हणायचा. "मी काय नाताळचा म्हातारा आहे? धुराड्यातून उतरलो आणि मोज्यात टाकून गेलो?"

"अरे, रीत आहे ती," मी म्हणायचे.

"रीत तुमची आहे, विनी. तुम्ही वर बसता. एकदा माझं नाव वर येऊ दे, लेखकांच्या ओळीत. मग मीही रीतीचं कौतुक करीन."

त्याला आयुष्यात दुसरं काही नको होतं. पगारवाढीचा विषय निघाला तर जांभई द्यायचा. पण नवा निबंध आला की पहिल्या पानावरची नावं ओठ हलवत वाचायचा, आपलं नाव तिथे नाही हे स्वतःला माहीत असूनही.

आता त्याच्या सोवळ्याची गोष्ट. आपलं एन्झाइम निर्मळ आहे याबद्दल थर्लोला कसलीही शंका नव्हती, आणि दुसऱ्या कुणाला ती आलेली खपत नव्हती. कोणत्याही प्रयोगात एक रिकामी नळी ठेवतात. म्हणजे ज्याची परीक्षा घ्यायची ते सोडून बाकी सगळं त्यात घालायचं, आणि तिच्यात काही घडत नाही ना ते पाहायचं. आमच्या बाबतीत त्या नळीत उरणार एकटं थर्लोचं एन्झाइम. कॅनडाहून आलेल्या एका संशोधकानं एकदा तशी नळी चालवली. थर्लोला ते कळलं आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या घरी जेवायला बसतोस आणि ताटाचा वास घेतोस?" असं तो चहाच्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणाला. त्यानंतर त्या बिचाऱ्याच्या वाट्याला नळकांड्याच्या तळाचं पाणी यायला लागलं. त्याचा एकही प्रयोग चालेना. शेवटी इथली हवा मानवत नाही असं सांगून तो परत गेला. कॅनडाच्या माणसाला इथली हवा मानवत नाही म्हटल्यावर आम्ही काय ते समजलो.

तेव्हापासून मजल्यावर एक पळवाट रुळली. रिकामी नळी म्हणून सगळं घातलेली नळीच घ्यायची, पण आधी ती उकळून काढायची. उकळल्यावर एन्झाइमं मरतात, तेव्हा नळीत अर्थातच काही घडत नाही. निबंधात लिहायचं, "तुलनेची नळी स्वच्छ आढळली." थर्लो खूश, आम्ही खूश. नव्यानं आलेल्या माणसाला आम्ही हे असं शिकवायचो की जणू ते शास्त्रच आहे.

त्या दिवसांत प्रोफेसर ब्रँडरेथ यांना रॉयल सोसायटीत जायचे डोहाळे लागले होते. ते आमच्या मजल्याचे प्रमुख. उंच, देखणे, आणि दुसऱ्याची कल्पना त्याच्याच तोंडून ऐकताना मान अशी डोलवणार की ती मुळात आपलीच होती असं त्यालाही वाटावं. त्यांच्या हाताखाली फिलिपा कॉट्स नावाची मुलगी वाम माशावर काम करत होती. इथल्या दलदलीच्या चरांत वाम पैशाला पासरी. फिलिपा त्यांच्या यकृताचा रस काढायची आणि त्यातलं लायगेज डीएनएचे तुकडे कसे सांधतं ते पाहायची.

आणि तिला एक भलतंच दिसलं. डीएनएच्या तुकड्यांची टोकं दातेरी असतात. दाते एकमेकांत बसले तर प्राण्यांचं लायगेज ती टोकं सांधतं. फिलिपानं न जुळणाऱ्या दात्यांचे तुकडे घेतले, थर्लोच्या पॉलिमरेजनं ते दाते भरून टोकं सपाट करून घेतली आणि त्यात वामीचा रस टाकला. ती सपाट टोकं घट्ट सांधली गेली. प्राण्याचं लायगेज असं करतं हे तोवर कुणी म्हटलं नव्हतं. उकळलेल्या नळीत काहीच झालं नव्हतं. ब्रँडरेथ यांना रात्रीत वामीबद्दल अपार माया उत्पन्न झाली.

नेमकं तेव्हाच एन्झाइम संपलं.

थंड खोलीत पुढे जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. मी कोपऱ्यात माझ्या बाटल्यांचा ट्रे शोधत होते आणि तो मला मुद्दाम सापडत नव्हता. ब्रँडरेथ साध्या शर्टावर आत आले. थर्लो कोटात गुरफटून बसला होता आणि त्यानं वर बघितलंसुद्धा नाही.

"नॉर्मन, फिलिपाला पॉलिमरेज हवंय."

"हवं असणारच."

"अमेरिकेत दोन प्रयोगशाळा याच मागे आहेत. उशीर झाला तर..."

"उशीर तर व्हायला नको."

"मग अडलंय कुठे?"

थर्लोनं नळकांड्याची तोटी जराशी आवळली. थेंब आणखी सावकाश पडायला लागले. "नावापाशी," तो म्हणाला.

"तुझे आभार आपण नेहमीच मानतो की."

"आभार माझी बायको डोरीनही मानते, मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवला की. मला वर हवंय नाव. लेखकांत."

"नॉर्मन, लेखक म्हणजे ज्यानं त्या कामात डोकं चालवलं तो."

"मग तुमचं कसं काय असतं त्यात?"

ब्रँडरेथ यांचे दात वाजायला लागले होते. रागानं की थंडीनं, ते कळायला मार्ग नव्हता. ते बरंच काही बोलले. परंपरा, तत्त्व, उद्या मग झाडूवालाही नाव मागेल, वगैरे. थर्लो ऐकत होता आणि थेंबांकडे पाहत होता. त्याला घाई नव्हती. कोट त्याच्या अंगावर होता.

"बरं! बरं बाबा!" प्रोफेसर शेवटी काखांत हात खुपसून ओरडले. "फिलिपा, तू आणि मी. झालं समाधान?"

"बॅक्टेरियांचा रुसवा गेलेला दिसतो," थर्लो म्हणाला. "उद्या सकाळी नळी पाठवतो."

निबंध लंडनच्या मोठ्या साप्ताहिकात छापून आला. कॉट्स, थर्लो, ब्रँडरेथ. त्या दिवसापासून थर्लो जमिनीवरून चालायचा बंद झाला. त्यानं कोपरांवर चामड्याची ठिगळं असलेलं प्रोफेसरी जाकीट विकत घेतलं. बिचाऱ्या जाकिटाची कोपरं झिजायच्या आधीच त्याला ठिगळं. दूधवाल्याला निबंध दाखवून झाला, पोस्टमनला दाखवून झाला. डोरीननं एक प्रत लोस्टॉफ्टला बहिणीकडे पाठवली आणि फोन करून विचारलं की मधलं नाव वाचलंस का. गावातल्या बागकाम मंडळात त्याचं व्याख्यान झालं, विषय "वाम आणि मी". प्रश्नोत्तरांच्या वेळी एका बाईंनी विचारलं की वाम जेलीत घालायची तर किती वेळ शिजवावी. थर्लो दुखावला नाही. उत्तर दिलं आणि वर म्हणाला, "अर्थात आम्ही संशोधक लोक ती कच्चीच वापरतो."

आम्ही चहाच्या खोलीत त्याची टर उडवायचो. त्याला लेखकमहाशय म्हणायचो. तो लाजायचाही नाही. मला चीड यायची, आणि कुठेतरी हेवाही वाटायचा. एवढ्या साध्या गोष्टीनं इतकं सुखी होता येतं हे मला जमलं नव्हतं.

मग एडिनबराच्या मिस गन आल्या. या ठेंगण्या, करड्या केसांच्या बाई, हातात नेहमी विणकाम. त्यांनीही वाम मागवून प्रयोग करून पाहिला होता. त्यांचं पॉलिमरेज त्यांच्या घरचं होतं आणि त्यांच्याकडे एकही सपाट टोक सांधलं गेलं नव्हतं. ब्रँडरेथ यांनी आमच्या सभागृहात वामीवर दिलेलं भाषण त्यांनी शेवटपर्यंत विणत ऐकलं. नंतर सुया खाली ठेवून त्या म्हणाल्या, "एक शंका होती. एका नळीत नुसतं श्री. थर्लो यांचं एन्झाइम आहे आणि वाम नाही, असा प्रयोग कुठे दिसला नाही मला."

"तुलनेची नळी उकळलेली होती," ब्रँडरेथ म्हणाले.

"अहो, पण त्या नळीत वामही मेली आणि थर्लोंचं एन्झाइमही मेलं. दोन्ही संशयितांना फाशी दिल्यावर चोर कोण ते कसं कळायचं?"

सभागृहात हशा पिकला. आमचा मजला तेवढा हसला नाही. आम्ही सगळे बुटांकडे बघत होतो.

"ती आमची इथली पद्धत आहे," ब्रँडरेथ म्हणाले.

"असेल. सपाट टोकं सांधणारं एक लायगेज मला माहीत आहे. ते विषाणूचं आहे. श्री. थर्लो ज्या लगद्यातून पॉलिमरेज काढतात त्याच लगद्यात ते असतं. म्हणून विचारलं हो, राग मानू नका."

थर्लो उठून उभा राहिला. ठिगळांचं जाकीट, लालबुंद चेहरा. "ती नळी मी स्वतः चालवीन," तो म्हणाला. "उद्या. सगळ्यांसमोर. माझ्या एन्झाइममध्ये दुसरं काही नाही."

बाहेर पडल्याबरोबर ब्रँडरेथ यांनी त्याला जिन्याच्या आडोशाला ओढलं. मी दोन पायऱ्या खाली होते.

"शहाणपणा कर नॉर्मन. नळीबिळी काही नको. ती बाई एक म्हणते, आपण दुसरं म्हणतो. असे वाद वर्षानुवर्षं चालतात, त्यानं कुणाचं वाईट होत नाही. मार्चमध्ये माझी रॉयल सोसायटीची निवडणूक आहे."

"ती बाई म्हणाली माझं एन्झाइम घाण आहे."

"म्हणू दे की! निबंधावर नाव आहे ना तुझं? ते हवं होतं ना?"

"म्हणूनच," थर्लो म्हणाला आणि वर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं टाय लावला होता आणि टोपी घातली नव्हती. सगळा मजला हजर. त्यानं डीएनएचे तुकडे घेतले, आपलं पॉलिमरेज घातलं, वाम घातली नाही. तुकडे सुटे राहिले तर ते जेलीच्या पातळ थरातून धावत खाली जातात. सांधले गेले तर जड होऊन वरच अडकतात आणि फिल्मवर वरती काळा पट्टा उमटतो. फिल्म धुऊन यायला पुढची सकाळ उजाडली. थर्लोनं ती ओलीच्या ओली खिडकीशी धरली.

वरती काळा पट्टा होता. काजळानं ओढल्यासारखा.

थर्लो बराच वेळ फिल्म धरून उभा होता आणि तिच्यातलं पाणी त्याच्या बाहीत उतरत होतं. मला त्याची फार दया आली, आणि त्याच्या आधी, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल," तो म्हणाला.

"तेच म्हणतोय मी!" ब्रँडरेथ यांनी लगेच उचलून धरलं. "झालं तर मग. विषय संपला."

"नाही संपला," थर्लो म्हणाला. "दुसऱ्या घाण्यातली नळी काढतो."

त्यानं दुसऱ्या घाण्यातली काढली, मग त्याच्या आधीच्या वर्षातली, मग त्याच्याही आधीची. प्रत्येक वर्षाचा थोडा थोडा नमुना त्यानं फ्रीजरमध्ये राखून ठेवला होता, माणसं जुनी दारू ठेवतात तसा. सगळ्या फिल्मवर तोच पट्टा. लायगेज पहिल्यापासून त्याच्या पॉलिमरेजबरोबर बाहेर येत होतं, आणि वाम बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात होती. फिलिपा एका स्टुलावर बसून रडली. थर्लो रडला नाही, पण त्या आठवड्यात त्याचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

निबंध मागे घ्यायचं पत्र त्यानं स्वतः लिहिलं. ब्रँडरेथ यांनी आधी विनवलं, मग दम भरला, मग थांबत नाही म्हटल्यावर पत्र सुधारून देतो म्हणाले. सुधारलेल्या पत्रात लिहिलं होतं की चूक सर्वस्वी एन. थर्लो यांनी पुरवलेल्या एन्झाइममुळे झाली, बाकीच्या लेखकांनी विश्वासानं काम केलं. त्याखाली सही एकट्या थर्लोची.

"करतोस सही?" ब्रँडरेथ यांनी विचारलं.

"खोटं काय आहे त्यात?" थर्लो म्हणाला आणि त्यानं सही केली.

पत्र छापून आलं आणि ब्रँडरेथ यांच्या प्रामाणिकपणाची देशभर वाहवा झाली. आपल्या मजल्यावरची चूक आपणहून मान्य करणारा उमदा माणूस म्हणून लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. मार्चमध्ये ते निवडून आले. फिलिपाची मुदत वाढवली गेली नाही. ती नॉर्विचला शाळेत शिकवायला गेली. मजल्यावर कंपनीचं पॉलिमरेज यायला लागलं, आणि भोपळ्याच्या खताबद्दल कुणाला काही वाटेनासं झालं.

इथे गोष्ट संपली असती तर सगळ्यांना बरं पडलं असतं. पण थर्लोच्या डोक्यात आता दुसरा किडा शिरला. वामीचा निबंध गेला तो गेला. पण त्याच फ्रीजरमधलं पॉलिमरेज आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं वापरलं होतं, आणि ज्यात ज्यात डीएनए "सांधला गेला" असं आम्ही छापलं होतं, त्या प्रत्येक निबंधात तो खरंच आमच्या एन्झाइमनं सांधला होता की थर्लोच्या, हे कुणाला माहीत होतं? एके सकाळी तो बर्फाची बादली आणि त्यात रोवलेल्या नळ्या घेऊन पहिल्या दारावर उभा राहिला.

"तू वापरलंस ते एन्झाइम या घाण्यातलं होतं," तो म्हणाला. "नळी चालवून बघू या. मी सगळं करतो, तू फक्त बघ."

ज्या माणसानं इतकी वर्षं कुणाला वास घेऊ दिला नव्हता, तो आता दारोदार ताट घेऊन फिरत होता, आणि सगळ्यांची पोटं भरलेली होती. कुणी म्हणालं, "पुढच्या आठवड्यात बघू, नॉर्मन." कुणी म्हणालं, "जाऊ दे रे, जुनी गोष्ट झाली." एकानं त्याला गंभीरपणे समजावलं की पुरावा द्यायची जबाबदारी शंका घेणाऱ्यावर असते. तो माझ्या दारावर आला तेव्हा मी म्हणाले, मंगळवारी ये. मंगळवारी मी लंडनला गेले.

तो पुन्हा पुन्हा फिरला. चहाच्या खोलीत तो आला की खुर्च्या सरकायच्या. "अरे, तुमच्या प्रत्येक निबंधात माझं नाव आहे," तो म्हणायचा, "शेवटी का असेना, पण आहे. ते मला नीट करू द्या." आम्ही चहात साखर ढवळत राहायचो. मग वरून पत्र आलं की थंड खोली आता विजेचा नुसता अपव्यय आहे, आणि श्री. थर्लो यांनी वेळेआधी निवृत्ती घेतल्यास संस्था त्यांची आभारी राहील.

निरोपाचा समारंभ जूनमधल्या एका शुक्रवारी, चहाच्या खोलीतच झाला. शेरी होती, चिजाच्या काड्या होत्या, सॉसेज रोल होते. डोरीन निळी हॅट घालून आली होती. ब्रँडरेथ यांनी भाषण केलं, थर्लोंच्या हातून गेलेल्या प्रत्येक थेंबात त्यांची निष्ठा होती वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग थर्लो उठला. त्यानं टेबलाखालून बर्फाचा ट्रे काढला आणि सॉसेज रोलच्या ताटाशेजारी ठेवला. बर्फात नळ्यांची रांग होती, प्रत्येकीवर त्याच्या बारीक अक्षरात घाण्याचं वर्ष.

"मला बोलता येत नाही," तो म्हणाला. "प्रत्येक वर्षाची शेवटची नळी आहे ही. यापलीकडे फ्रीजरमध्ये काही नाही. आपापल्या निबंधाची आपापली घेऊन जा आणि चालवून बघा. मला सांगायलाही नको."

एवढं बोलून तो बसला. सगळे एकदम बोलायला लागले, हवेबद्दल, क्रिकेटबद्दल. ऊन थेट टेबलावर येत होतं. आम्ही एकेक जण टेबलाशी जायचो, ट्रेवरून हात न्यायचो आणि सॉसेज रोल उचलायचो. मीही उचलला. चांगला झाला होता, मिरी जरा जास्त होती.

"नॉर्मन, अरे, बर्फ वितळतोय तुझा," ब्रँडरेथ ग्लास हलवत म्हणाले.

"दिसतंय मला," थर्लो म्हणाला.

डोरीननं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दोघं ट्रेकडे बघत बसली. बर्फाचं पाणी झालं, नळ्या कलंडून त्यात तरंगायला लागल्या, आणि ताट रिकामं झालं तसे लोक त्याच्याशी हस्तांदोलन करून निघाले. एकही नळी कुणी उचलली नाही. उबेत एन्झाइम टिकत नाही, आणि बंद खोलीत शनिवार-रविवार उनाची धग होती. सोमवारी सफाईवालीनं त्या नळ्या कचऱ्यात टाकल्या, आणि आमच्या मजल्यावरचे सगळे निबंध कायमचे खरे ठरले.